जनरेटरमागची पेटी

दीपक परबचा फोन आला तेव्हा जगदीश गमरे चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून, दोन्ही गुडघ्यांना तेल चोळून ते जिरायची वाट बघत बसले होते. मे महिना. अजून दहाही वाजले नव्हते, पण घोडपदेवचे पत्रे तापायला लागले होते.

"मामा, ओळखलंत काय? परब. ग्लोरीचा."

"बोल."

"जहाज विकतोय आपण. झालंच समजा. उद्या पार्टी बघायला येतेय आणि इंजिन सुरूच होत नाय. दोन दिवस झाले. हवेच्या बाटल्या भरतो, सोडतो, नुसतं फुस्स. तुम्ही एकदा येऊन जावा. भाऊच्या धक्क्यावर लाँच ठेवतो."

गमऱ्यांनी तेलाचा हात गुडघ्यावरून फिरवला. दोन वर्षांपूर्वी ते त्या जहाजावरून उतरले होते. इंजिनरूमची शिडी अठरा पायऱ्यांची. शेवटच्या वर्षी ती ते उलटे, लहान मुलासारखे बसत बसत उतरायचे. उतरल्यावर वर यायचं म्हणून दिवसभर वर यायचंच टाळायचे.

"एक तासाचं काम आहे, मामा. तुमच्याशिवाय कोणाला कळणार तिचं?"

आतून चंपाने विचारलं, "कोणाचा फोन?"

"जहाज विकतायत."

"परत?" ती म्हणाली आणि कुकर लावायला वळली.

परत, हे खरंच होतं. जहाज तसं लहानसं, पंधराशे टनांचं. गमरे त्यावर चढले ते सत्याऐंशी साली, पंचविसाव्या वर्षी. वडील लालबागच्या गिरणीत होते. संपानंतर गिरणी राहिली नाही आणि वडीलही फार दिवस राहिले नाहीत. ओळखीतल्या एकाने बॅलार्ड पियरच्या कंपनीत चिकटवून दिलं, इंजिनात तेलवाला म्हणून. तेव्हा जहाजाचं नाव 'वैजयंती' होतं. गुजरातेतून सिमेंट आणायचं, मंगळूरला उतरवायचं, येताना कौलं भरायची. कॅप्टन म्हातारा आणि शिस्तीचा. दर शनिवारी पितळ घासून घ्यायचा आणि घासलेल्या पितळेत स्वतःचं तोंड बघायचा.

दहा वर्षांनी ती कंपनी बसली. जहाज गोव्याच्या एका मालकाने घेतलं आणि आईचं नाव दिलं, 'सांता रीता'. नव्या मालकाने चढल्या चढल्या विचारलं, इंजिन कोणाला कळतं? सगळ्यांनी गमऱ्यांकडे बघितलं. बाकीचे उतरले, गमरे राहिले, ड्रायव्हर झाले. नऊ वर्षं खनिजाची माती वाहिली. त्या वर्षांत चंपा त्यांचे बनियन वेगळ्या बादलीत भिजवायची, कारण पाणी लाल व्हायचं.

मग शारजाचा मालक आला. 'अल फरहा'. त्याने डेकवर लोखंडी मजले चढवले आणि सोमालियातल्या बर्बेरा बंदरातून बकऱ्या आणायला सुरुवात केली. एका फेरीला तीन-तीन हजार बकऱ्या. त्यांचं मूत डेकवरून झिरपत, फटीफटीतून खाली उतरायचं आणि लोखंड खायचं. खारं पाणी खात नाही तेवढं ते खातं. वर्षातून एकदा घरी यायला मिळायचं. नम्रताची दहावी आणि बारावी त्याच वर्षांत झाली. दोन्ही निकाल त्यांना बंदरावरच्या टेलिफोन बूथमधून कळले.

सतरा साली वाशीच्या भागीदारांनी जहाज घेतलं. तेव्हापासून 'एस. के. ग्लोरी'. सळ्या, रेती, जे मिळेल ते. दर वेळी जहाज विकलं गेलं आणि दर वेळी इंजिनाबरोबर गमरेही गेले. चाळीतले लोक गमतीने म्हणायचे, गमऱ्याला तीन वेळा विकला. पहिल्यांदा तेही हसले होते.

लाँचमधून जाताना दीपक परब शेजारी बसला. लालबागचा मुलगा, मूळ मालवणकडचा, पन्नाशीच्या अलीकडे. भागीदारांच्या ऑफिसात जहाजाचं सगळं तोच बघायचा. स्वभावाने वाईट नव्हता. पगार उशिरा झाला की स्वतः फोन करून सांगायचा, इतपत लाज त्याला होती.

"गुडघे कसे?" त्याने विचारलं.

"आहेत."

जहाज जवळ आलं तसं गमऱ्यांच्या लक्षात आलं की ते डावीकडे किंचित कलंडून उभं आहे. खूप नाही, दोन बोटं. माहीत नसलेल्याला दिसणार नाही.

शिडीपाशी नवा इंजिनिअर उभा होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा, सडपातळ, केस तेलाने नव्हे तर घामाने चपटे झालेले. परबने नावं सांगितली तशी त्याने हात पुढे केला. "जय भीम, काका. सम्यक कांबळे. लेबर कॅम्प, माटुंगा." मग जरा थांबून म्हणाला, "खाली उतरवेल ना तुम्हाला?"

"उतरतो. तू पुढे हो."

अठरा पायऱ्या उतरायला त्यांना दहा मिनिटं लागली. खाली तीच ऊब, डिझेलचा तोच वास, आणि त्याच्या खाली, सात वर्षांनंतरही, बकऱ्यांचा. सम्यकने काय काय करून बघितलं ते सांगितलं. मुलगा हुशार होता. पुस्तकात आहे ते सगळं त्याने केलं होतं.

"तिसऱ्या सिलिंडरचा हवेचा व्हॉल्व्ह चिकटतो," गमरे म्हणाले. "दोन आठवडे उभी राहिली की हमखास. लाकडी हातोडा आहे? लोखंडी मारू नको, व्हॉल्व्ह चेपतो."

हातोडा मिळाला. गमऱ्यांनी जागा दाखवली, सम्यकने चार ठोके दिले. मग दोघांनी पहार लावून इंजिन थोडं पुढे फिरवलं आणि हवा सोडली. इंजिनाने दोन उचक्या घेतल्या आणि ते सुरू झालं. वरून परबचा आवाज आला, "झालं काय?" सम्यक हसला. आनंद म्हणावा असं गमऱ्यांना काही वाटलं नाही. ते शेवटच्या पायरीवर बसले आणि मान पुसायला लागले.

बसल्या जागेवरून डाव्या बाजूचा जनरेटर समोर दिसत होता आणि त्याच्या मागे तेलाचे चार ड्रम. एकाला एक लागून, साखळीने बांधलेले. ते त्यांनी स्वतः लावले होते. अजून तसेच होते. ड्रमच्या पायाशी आत आलेलं पाणी उपसायचा पंप चालू होता.

"किती वेळा मारतोस?" त्यांनी पंपाकडे बोट दाखवलं.

सम्यकने त्यांच्याकडे न बघता चिंधीने हात पुसले. "दिवसातून तीनदा. कधी चारदा."

"आणि जहाज जाणार कुठे?"

"कांडल्याला तांदूळ भरायचा, तिथून बर्बेरा. पावसाच्या आधी निघायचंय. अकरा जण आहोत. नवीन मालक आम्हालाच ठेवणार आहे, ते बरं झालं."

वर मेसमध्ये परबने चहा मागवला आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढला. "एवढी एक सही द्या, मामा. काही नाय, नेहमीचंच आहे. पस्तीस वर्षं एकाच जहाजावर असलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर पार्टीला भरोसा वाटतो."

कागदावर लिहिलं होतं की मी, जगदीश धोंडू गमरे, अमुक साल ते अमुक साल या जहाजावर इंजिन ड्रायव्हर होतो, आणि माझ्या माहितीप्रमाणे इंजिनरूम व जहाजाचा तळ सुस्थितीत आहे.

अशा कागदावर त्यांनी मागच्या तिन्ही विक्रींत सही केली होती. पहिल्या दोनदा ते खरंही होतं.

"चष्मा घरी राहिला," गमरे म्हणाले.

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. काडी बाहेर डोकावत होती. परबने ती बघितली, चहाचा घोट घेतला आणि कागद परत फोल्डरमध्ये ठेवला. "ठीक आहे. उद्या संध्याकाळी घरी येतो."

*

घरी येऊन ते भिंतीला टेकून बसले. चंपाने ताट वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"काय झालं?"

"त्या जहाजाला भोक आहे," ते म्हणाले.

ती समोर येऊन बसली.

एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता आलं नाही. दोन हजार नऊ साल. बर्बेऱ्याहून निघून चौथा दिवस, बकऱ्या भरलेल्या. डाव्या बाजूला, जनरेटरच्या मागे, पत्र्याला वीतभर चीर गेली आणि पाणी आत यायला लागलं. गमऱ्यांनी आणि एका सुदानी खलाशाने चिरेवर रबर दाबलं, भोवती फळ्यांची पेटी उभी केली, सिमेंटमध्ये धुण्याचा सोडा घातला म्हणजे लवकर धरतं, आणि पेटी भरून टाकली. पाणी थांबलं. कॅप्टन म्हणाला, शाब्बास, गोदीत गेलो की पत्रा बदलू. जहाज गोदीत गेलं तेव्हा मालकाच्या माणसाने पेटीला करडा रंग मारून घेतला. दोन वर्षांनी शेजारी दुसरी चीर गेली आणि दुसरी पेटी आली. मग दोन्हींच्या मध्ये पाझर सुटला.

"आणि सतरा साली विकायचं ठरलं तेव्हा मॅनेजर मला म्हणाला, गमरे, तू जहाजाबरोबर जाणार आहेस ना? मग जहाज गेलं पाहिजे. मी काय ते समजलो. चार ड्रम आणून पुढे लावले, साखळी घातली. घेणाऱ्याचा माणूस तपासायला आला तेव्हा तिथेच उभा राहिलो. त्याने ड्रमला हात लावला, विचारलं, यात काय? म्हटलं, तेल."

चंपाने ताटावर झाकण ठेवलं. ती तीस वर्षं म्युनिसिपल बालवाडीत मदतनीस होती; मुलं रडायला लागली की आधी शांतपणे सगळं ऐकून घ्यायची तिला सवय होती. पण आता तिचा आवाज तसा राहिला नाही.

"तेरा वर्षं तुम्ही त्याच्यावर झोपत होतात?"

"होय."

"आणि इथे येऊन मला सांगायचात, जहाज एकदम ओके."

"तुला सांगून काय झालं असतं?"

"मला कळलं असतं," ती म्हणाली. मग उठून मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी तीनच होती.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परब आला. येताना लालबागहून फरसाण आणलं होतं. बूट बाहेर काढून आत आला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला सवयीने नमस्कार केला आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

"चष्मा आहे ना आज?"

"आहे. सही नाही करत मी."

परब खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, "पेटीमुळे?"

गमऱ्यांनी झटकन वर बघितलं.

"मामा, मला काय माहीत नाय? किमतीतच धरलंय ते. पार्टीला पण माहिती आहे. म्हणून तर स्वस्तात चाललंय. एक-दोन वर्षं चालवतील आणि तोडायला देतील."

"सगळ्यांना माहिती आहे तर माझी सही कशाला?"

"कागद लागतो. विम्याला लागतो, झेंडा बदलायला लागतो. उद्या काय झालं तर..." तो थांबला.

"तर गमऱ्याने सांगितलं होतं, तळ चांगला आहे."

परबने फरसाणाची पिशवी उगाच इकडची तिकडे केली. "मी दुसऱ्या कोणाकडून घेईन, मामा. जहाज काय तुमच्या सहीसाठी थांबणार नाय. एवढ्या वर्षांची ओळख म्हणून तुमच्याकडे आलो."

"घे," गमरे म्हणाले. "मी तुला अडवत नाही."

तो गेल्यावर त्यांना वाटलं, संपलं आपल्यापुरतं. आपण सही केली नाही. ते आडवे झाले. पण डोळा लागेना. सतरा साली ड्रमला हात लावणारा तो माणूस त्यांना आठवत राहिला. वाकून त्याने ड्रमच्या पायाशी ओल बघितली होती, नक्की बघितली होती, आणि मग सरळ होऊन वहीत काहीतरी लिहिलं होतं. इतकी वर्षं गमऱ्यांना वाटत होतं की आपण त्याला फसवलं. त्याला फसवायची गरजच नव्हती. ड्रम सगळ्यांच्या सोयीसाठी होते. ज्यांना खरोखर माहीत नव्हतं ते सगळे वरच्या डेकवर झोपत होते.

सकाळी त्यांनी सम्यकला फोन लावला. नंबर परवा त्यानेच दिला होता, काही अडलं तर विचारीन म्हणून.

"ड्रमच्या मागे काय आहे माहिती आहे का तुला?"

"काका, मी काय येडा आहे?" सम्यक हळू आवाजात बोलत होता, आजूबाजूला कोणी असावं. "पहिल्याच आठवड्यात बघितलं."

"मग?"

"मग काय? दीड वर्ष घरी होतो मी. कोर्स करून, सगळी सर्टिफिकेटं घेऊन. कोणी घेत नव्हतं. इथे इनचार्ज म्हणून सहा महिने भरले की मोठ्या जहाजावर अर्ज करता येतो. सहा महिने, काका. तुम्ही तेरा वर्षं काढलीत ना?"

"काढली."

"तुम्ही बोललात का तेव्हा कोणाला?"

"नाही."

"मग आता पण बोलू नका. प्लीज. हात जोडतो."

फोन ठेवल्यावर गमऱ्यांनी दोन दिवस तसेच काढले. जेवले, झोपले, खाली नाक्यावर पेपर वाचायला जाऊन आले. मुलगा बोलला त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट त्याला माहीत नव्हती आणि ती फोनवर सांगता येण्यासारखी नव्हती: तेरा वर्षं रोज रात्रपाळीला खाली उतरताना गमरे पहिल्या पायरीवर थांबून कान द्यायचे. पाण्याचा आवाज कालच्यासारखाच आहे ना. गुडघे त्या शिडीने गेले असं डॉक्टर म्हणाले, पण त्यांना वाटायचं, त्या थांबण्याने गेले.

तिसऱ्या दिवशी नम्रता ड्युटीवरून आली. परळच्या एका हॉस्पिटलमध्ये ती लॅब टेक्निशियन होती. तिने बॅग ठेवली, तोंड धुतलं, तेव्हा ते म्हणाले, "एक पत्र टाइप करून दे. जहाजं तपासतात त्या सरकारी कचेरीला."

तिला चंपाने आधीच सगळं सांगितलं असावं, कारण तिने आश्चर्य दाखवलं नाही. लॅपटॉप मांडीवर घेतला. "कुठून सुरू करू, पप्पा?"

"वैजयंतीपासून."

"तेवढं मागचं कशाला? आत्ताचं नाव पुरे ना."

"नावं चार झाली. ते म्हणतील, हे वेगळं जहाज. सगळं लिही."

मग ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. कोणत्या साली कोणाचं, काय वाहिलं, गोदीत कधी गेलं, गोदीत कधी जायला हवं होतं आणि गेलं नाही. बकऱ्यांचं मूत हे इंग्रजीत कसं लिहायचं यावर दोघं अडले. मग नम्रताने लॅबमध्ये लिहितात तसं लिहिलं. चिरेची जागा त्यांनी अगदी फूट-इंचांत सांगितली. शेवटी म्हणाले, "आता लिही, की सतरा साली तपासणीच्या वेळी ते ड्रम मी लावले."

तिची बोटं थांबली. "हे नको ना. हे लिहिलं तर तुमच्यावर येईल."

"ते नसेल तर बाकीचं कोण खरं मानेल?"

"पप्पा."

"लिही. दमलोय मी, नम्रता. एकदाचं लिहून टाक."

*

आठवड्याने कचेरीचा माणूस जहाजावर गेला आणि गमऱ्यांनाही बोलावणं आलं. पुन्हा लाँच, पुन्हा अठरा पायऱ्या. अधिकारी चाळिशीचा, कमी बोलणारा, स्वतःचा टॉर्च घेऊन आलेला. परब एका बाजूला हाताची घडी घालून उभा होता. ड्रमची साखळी सम्यकने सोडली. गमऱ्यांकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

पेट्या आता दोन नव्हत्या, तीन होत्या. तिसरी नवी होती, तिचं सिमेंट अजून पांढरट होतं. ती कोणी घातली हे कोणी विचारलं नाही. सम्यकच्या हाताला बोटांच्या बेचक्यांत सिमेंटने खाल्लेल्या जखमा होत्या, त्या गमऱ्यांनी बघितल्या आणि नजर वळवली.

अधिकाऱ्याने पेटीच्या बाजूच्या पत्र्यावर टोकदार हातोडी मारत मारत मोजल्यासारखं पुढे सरकायला सुरुवात केली. टण, टण, टण. मग ठप्प. मग हातोडी आत गेली. जोरात मारलीही नव्हती. त्याने ती बाहेर ओढली तसं मनगटाएवढ्या जाडीचं पाणी त्याच्या बुटांवर पडायला लागलं.

"रबर," गमरे म्हणाले. सम्यक आधीच रबर आणि लाकडी पाचर घेऊन पुढे झाला होता. दोघांनी मिळून ते ठोकलं. पाणी बारीक झालं. पाचर धरून ठेवताना सम्यकचं डोकं त्यांच्या खांद्याला लागत होतं. तेवढ्या जवळून तो म्हणाला, "झालं समाधान?"

गमऱ्यांनी पाचर आणखी दाबली.

वर आल्यावर अधिकाऱ्याने त्यांचा जबाब घेतला. "हे ड्रम तुम्हीच ठेवले होते?"

"होय."

त्याने ते लिहून घेतलं. त्याचं पुढे काही झालं नाही. झालं असतं तर बरं, असं गमऱ्यांना नंतर एखाद्या वेळी वाटायचं.

जहाज अडकवून ठेवलं गेलं. पार्टी मागे फिरली. खलाशी दोन-दोन तीन-तीन करून उतरले आणि आपापल्या गावी गेले. महिनाभर परबसह दोनच माणसं पंप मारायला राहिली. मग एका मोठ्या भरतीला टग बोटीने ओढून ते दारूखान्यात, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथल्या चिखलात लावलं आणि कापायला घेतलं. दारूखाना घोडपदेवहून चालत जाण्याएवढा. चाळीतल्या एक-दोघांनी विचारलं, गमरे, बघायला येता का? ते गेले नाहीत. परबचा एकदा फोन आला. ऑफिस बंद झालं होतं, तो मेव्हण्याच्या टेम्पोच्या धंद्यात बसत होता. रागावलेला वाटला नाही. म्हणाला, "बरं वाटलं का मामा, एवढंच विचारायला फोन केला." गमरे म्हणाले, "नाही." तो म्हणाला, "मला पण नाय," आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून फोन ठेवला.

जुलैत एक दिवस दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, भिजलेली छत्री हातात, माटुंग्याच्या कुठल्याशा कॉलेजच्या हाउसकीपिंगचा निळा कोट अंगावर.

"गमरे इथेच राहतात ना? मी शेवंती कांबळे. सम्यकची आई."

चंपाने तिला आत घेतलं, पाणी दिलं. शेवंतीबाई पाणी प्यायल्या आणि पेला खाली ठेवताना म्हणाल्या, "भांडायला नाही आले. बघायला आले, माणूस कसा आहे."

गमरे भिंतीचा आधार सोडून सरळ बसले.

"तो घरीच आहे. दिवसभर झोपतो. जेवायला उठवलं की उठतो." त्या सावकाश बोलत होत्या, वाटेत वाक्यं जुळवून आल्यासारख्या. "तो म्हणतो, दहा दिवसांचा तर रस्ता होता बर्बेऱ्याचा. दहा दिवस काढले असते. मला एक खरं सांगा, ते बुडलं असतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. गमऱ्यांच्या ते ओठांवरही आलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "माझ्या तेरा वर्षांत नाही बुडलं. या वेळी पण पोचलं असतं, असं होऊ शकतं."

"मग कशाला केलं तुम्ही?"

त्यांनी चंपाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"ते पोचतं की नाही हे बघत बसायची ताकद नव्हती माझ्यात," ते म्हणाले. "एवढंच. मोठं काही नाही त्यात."

शेवंतीबाईंनी मान हलवली. पटल्याची नव्हती ती, ऐकल्याची होती. बाहेर जिन्यात कोणाची तरी पोरं धावत गेली.

"मी त्याच्यासमोर म्हणते, त्या म्हाताऱ्याने वाटोळं केलं," त्या म्हणाल्या. "तसं म्हटलं की त्याला बरं वाटतं. पण तो घरात झोपलेला असतो ना, तेव्हा मला पण झोप लागते. तो जहाजावर होता तेव्हा लागत नव्हती. का ते मला कळायचं नाही. त्याने सांगितलं नव्हतं मला काही."

"हे पण सांगत नाहीत," चंपा म्हणाली.

दोघी मग बराच वेळ बोलत राहिल्या, कुठलं गाव, कोण कोण पोरं, कोणाच्या गुडघ्याला काय. गमऱ्यांनी मधे विचारलं, "मी फोन केला तर उचलेल का तो?"

"नाही उचलणार. तरी लावा."

त्यांनी लावला. चार दिवस लावला. पाचव्या दिवशी सम्यकने उचलला आणि गमऱ्यांनी त्याला एका कामाचं सांगितलं. रे रोडला इंजिनाचे पंप दुरुस्त करणारा एक ओळखीचा कारखानदार होता, त्याच्याकडे दोघं जाऊन आले. कारखानदाराने सम्यकची सर्टिफिकेटं बघितली, चहा पाजला आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. परत येताना पुलावर गमऱ्यांना तीनदा थांबावं लागलं. सम्यक तिन्ही वेळा कठड्याला टेकून, मोबाइल बघत उभा राहिला. चल म्हणाला नाही आणि हातही दिला नाही.

पुढच्या महिन्यात गमरे एकटेच विचारून आले. अजून काही नव्हतं.

सप्टेंबरात शेवंतीबाईंचा चंपाला फोन आला, की सम्यक न्हावा बंदरात एका टगवर लागला. त्याचं त्यानेच शोधलं. रोज संध्याकाळी घरी येतो.

"त्याने यांना कळवायला सांगितलं का?" चंपाने विचारलं.

पलीकडून शेवंतीबाई जरा थांबल्या. "मीच कळवतेय," त्या म्हणाल्या.

चंपाने जसंच्या तसं सांगितलं. गमऱ्यांना वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. मग त्यांनी विचारलं, टग नवीन आहे का जुना, आणि चंपा म्हणाली, ते काय तिला माहीत असणार, आणि भात झालाय, उठा.